ओळख गोपनीय ठेवण्यात आली आहे

धनंजय सरांनी दिलेला प्रकल्प एवढासा होता. 'माध्यम कायदे आणि नीतिमत्ता' या पेपरासाठी प्रत्येकाने स्वतः मिळवलेली, स्वतः लिहिलेली आणि कुठेतरी खरोखर छापून आलेली एक बातमी आणायची आणि ती लिहिताना कोणती पथ्यं पाळली ते वर्गात उभं राहून सांगायचं. बस. एक बातमी.

साकोलीच्या कॉलेजात रविवारी भरणाऱ्या त्या पत्रकारितेच्या वर्गातले बाकीचे विद्यार्थी साकोली-लाखनीचे, म्हणजे हायवेवरचे. हायवेवर बातमीला तोटा नसतो. रस्त्याच्या कडेला नुसता चहा घेऊन उभं राहिलं तरी एखादा ट्रक येऊन बातमी ओतून जातो. कामिनी राहायची एकोडीला. एकोडीत धान होतो. तो उभा असतो, मग कापतात, मग मळणीत चुरतात. यात छापण्यासारखं काय आहे?

तिने मदत मागितली नव्हती. पण नवरा प्रितम साकोलीच्या कृषी केंद्रात कामाला, आणि तो संध्याकाळी घरी येताना पारावर थांबतो. तिथे तो एकदा म्हणाला, "आमच्या घरी बातमी पाहिजे हाय." दुसऱ्या दिवसापासून अंगणात सल्लागारांची रीघ.

"आपल्या तांबड्या कोंबडीनं दोन बलकाचं अंडं देल्लं, ते लिव ना," सासूबाई मनकर्णाबाई म्हणाल्या.

पलीकडच्या घरचा परसराम दरसाल मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, नाटकात इन्स्पेक्टर होतो. तो म्हणाला, "वहिनी, माह्या रोलवर लिवा जी. फक्त नाव मोठ्या अक्षरात आलं पाहिजे. आजवर पेपरात कदीच नाही आलं."

शेजारच्या कुंताबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "माह्या सुनेबद्दल लिव. सांगतो मी सारं. पण माहं नाव नको टाकू."

"काकू, तुमचं नाव गुप्त ठेवता येईल," कामिनी म्हणाली. नुकताच तो धडा झाला होता. "पण दुसरी बाजूही घ्यावी लागेल."

"कोनाची?"

"तुमच्या सुनेची."

"मंग राहू दे," कुंताबाई म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या, जे त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

तर कामिनीची ही अशी बातमीसाठी तगमग चाललेली. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची, कायद्याची कलमं तिला पाढ्यासारखी पाठ होती, आणि बातमी मात्र नव्हती. बातमी तिच्या स्वतःच्या घरात, पाच वर्षांच्या वयाची, दोन वेण्या घालून हिंडत होती, हे तिला कसं कळणार?

हर्षा ही तिची एकुलती लेक. कामिनीचा एक डोळा पुस्तकात असला तरी दुसरा हर्षावर असे. गावाबाहेरच्या बोडीच्या पाण्याकडे जायचं नाही. विहिरीत डोकवायचं नाही. कोंबड्याच्या पुढ्यात तोंड न्यायचं नाही. कुत्र्याला शेपटीकडून हात लावायचा नाही. पोर झोपली की कामिनी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. तान्हेपणी सगळ्याच आया बघतात. कामिनी अजून बघत होती. मनकर्णाबाई म्हणायच्या, "सूनबाई, लेकराले जरा वारा लागू दे." वारा लागू द्यायला कामिनीची हरकत नव्हती, फक्त तो कुठून येतो आहे हे आधी कळायला हवं होतं.

मंगळवारी दुपारी ती सपरीत, म्हणजे ओसरीवर, पुस्तक घेऊन बसली होती. धडा होता खाजगीपणाचा हक्क. एक परिच्छेद वाचायचा, एकदा अंगणात हर्षाकडे बघायचं, असं नीट चाललं होतं. मग एक परिच्छेद लांब निघाला. मान वर केली तर अंगणात कोंबड्या होत्या. हर्षा नव्हती.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही, कारण पुढे काय काय झालं ते कामिनीला धड आठवत नाही. ती ओरडली एवढं खरं. गाव धावून आलं. शेतात कापणीला गेलेले विळे टाकून आले. घरं झाली, गोठे झाले, देऊळ झालं. मग कुणीतरी काही न बोलता गावाबाहेरच्या बोडीकडे बघितलं, आणि परसरामने अंगातल्या कपड्यांसकट, खिशातल्या मोबाइलसकट त्या तळ्यात उडी घेतली. पाणी कमरेएवढंच होतं, पण उडी मात्र पाणी खोल असल्यासारखी होती.

मुलगी सापडली घरातच. मागच्या सपरीत ढोली आडवी घातलेली होती. ढोली म्हणजे धान साठवायची माणसाएवढी बांबूची कणगी. नवा धान यायच्या आधी ती रिकामी करून शेणामातीने सारवतात आणि सुकायला टाकतात. आत कोंबड्या शिरून घाण करतात म्हणून मनकर्णाबाईंनी तिच्या तोंडाला जुना बोरा, म्हणजे गोणपाट, अडकवला होता. तो बोरा घोरू लागला तेव्हा मनकर्णाबाईंनीच तो ओढला. आत हर्षा मुटकुळं करून झोपली होती. गालावर बांबूची वीण उमटलेली, केसांत माती, आणि उठवल्याचा भयंकर राग.

कामिनीने तिला उचललं आणि ती तिथेच, त्या ओल्या शेणामातीत, खाली बसली. मनकर्णाबाई शेजारी बसल्या. सासू-सुनेच्या इतिहासात एवढी शांतता पूर्वी झाली नव्हती.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण अंगणात जमलेल्या गावाला आता हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटलेलं गाव फार धोक्याचं असतं. खांद्यावर टॉवेल घेऊन, मोबाइलमधलं पाणी झटकत परसराम हसून म्हणाला, "बाप्पा! आज या ढोलीनं लय पळवलं आपल्याले."

सगळे हसले. कामिनी हसली नाही. कारण तिथेच, तुळशीपाशी, सोमाजीबुवा उभे होते.

सोमाजीबुवा लहानपणी एका लग्नात बुंदीच्या टोपल्यात बसले. बस, एवढंच. पुढे त्यांनी शेती वाढवली, पाच पोरांची लग्नं केली, भजनी मंडळ चालवलं. गाव त्यांना आजही 'बुंदी' म्हणतं. त्यांची सून 'बुंदीची सून' आहे. नवा पोस्टमन आला तरी त्याला 'बुंदीच्या घराच्या बाजूले' असाच पत्ता सांगतात. एकोडीत एकदा पडलेलं नाव माणूस गेल्यावरच सुटतं, तेही काहींचं सुटत नाही.

कामिनीच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. ढोली शाळेत. ढोली कॉलेजात. ढोलीचं लग्न, अंतरपाट धरलेला, आणि वरपक्षाकडची कोणी बाई दुसरीच्या कानात सांगते आहे, "हेच ते ढोली." तिने मनाशी ठरवलं. काय वाट्टेल ते होवो, पोरीला हे नाव चिकटू द्यायचं नाही.

आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन साकोलीहून भैय्यालालचा होता. भैय्यालाल 'धानकोठार' नावाचं साप्ताहिक काढतो. संपादक, वार्ताहर आणि जाहिरात विभाग तोच आहे. त्याचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सचं दुकान. तिथे कामिनी प्रकल्पासाठी आपला नंबर देऊन आली होती. कुंताबाईंनी हर्षाचा एक फोटो काढला होता, तो 'फक्त' नागपूरच्या लेकाला पाठवला होता, आणि लेकाने 'फक्त' आपल्या एका मित्राला.

"मॅडम, बातमी तयार हाय," भैय्यालाल म्हणाला. "हेडिंग ऐका. 'ढोलीत निघाली पोट्टी, बोडीत शोधे गाव!' फोटो बी आला हाय. एकदम क्लिअर. नाकातला शेंबूड बी दिसून राहिला."

कामिनीच्या अंगात पहिला बाक संचारला. "फोटो छापायचा नाही. नाव छापायचं नाही. मूल अल्पवयीन आहे. आईची संमती नाही."

"आई कोन?"

"मी."

"मंग तुम्हीच लिवून द्या ना," भैय्यालाल समंजसपणे म्हणाला. "अपने को क्या, शुक्रवारच्या अंकात एवढी जागा भरायची हाय. तुम्ही लिवाल त्यातला एक शब्द नाही बदलवत. वचन."

प्रकल्पही झाला आणि पोरगीही वाचली! कामिनी त्याच संध्याकाळी लिहायला बसली. पहिल्यांदा तिने हर्षाचं नाव काढलं. मग प्रितमचं काढलं, कारण बापावरून लेक कळते. मग 'ढोली' हा शब्द काढला, कारण सगळं भय त्या शब्दाचंच होतं. ढोली गेल्यावर बोडी ठेवली तर लोक बोडीवरून ढोलीकडे येतील, म्हणून बोडी काढली. बोडी गेल्यावर परसरामला उडी घ्यायला जागाच राहिली नाही, म्हणून तोही गेला. ओळख पटेल असं एकेक काढत गेल्यावर बातमीत फक्त कायदा उरला.

राहिली दुसरी बाजू. ती घेतल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही, असं सर सांगत. कामिनी वही घेऊन चुलीपाशी गेली.

"आई, तुमची बाजू सांगा."

"कशाची बाजू?"

"बोरा तुम्ही लावला ना?"

"लावला. मंग कोंबड्यायले गादी घालून देऊ का आत?"

"हेच छापू?"

मनकर्णाबाईंनी भाताचा गंज उतरवून खाली आपटला. "छाप. उद्यापासून भात बी तूच मांडजो."

शुक्रवारी 'धानकोठार' आला. भैय्यालालने वचन पाळलं होतं. एकही शब्द बदललेला नव्हता.

"एकोडी : साकोली तालुक्यातील एकोडी येथील एक पाच वर्षीय बालिका मंगळवारी दुपारी बेपत्ता झाली होती. ग्रामस्थांनी शोध घेतला असता ती एका घरातील अंधाऱ्या जागी आढळून आली. बालिकेची प्रकृती स्थिर असल्याचे समजते. याप्रकरणी एका वृद्ध महिलेकडे कथितरीत्या बोट दाखवले जात असून, सदर महिलेने प्रतिक्रिया देण्यास नकार दिला. बालिका, तिचे कुटुंबीय आणि घटनास्थळ यांची ओळख कायद्यानुसार गोपनीय ठेवण्यात आली आहे."

मथळा मात्र शब्दांत धरलेला नव्हता असं भैय्यालालचं म्हणणं. तो त्याने स्वतःचा दिला होता : 'एकोडी हादरले!' आणि हर्षाचा फोटो नाही म्हणून त्याच्याकडे कायम तयार असलेलं एक चित्र लावलं होतं. भिंतीपाशी, गुडघ्यात डोकं घालून बसलेली एक काळी सावली.

कामिनीने ते वाचलं आणि पहिल्यांदा तिला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला. 'कथितरीत्या' किती नेमकं बसलं होतं! मग प्रितमने वाचलं. त्याने पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाला, "कामिनी, हे कोन पोरगी हाय?"

"अहो, आपली!"

"आपली?" प्रितमने पुन्हा वाचलं. "वाचून तर मलेच भेव लागून राहिलं."

लाखनीची मावशी दुपारच्या बसने डोळ्याला पदर लावूनच उतरली. हर्षा अंगणात कोंबडीमागे धावताना दिसली तशी तिने तिला पकडली, पुढून पाहिली, मागून पाहिली आणि कामिनीला म्हणाली, "काही बी झालं असंल तरी आमी तुह्या पाठीशी हावो." काही झालं नाही, हे पटवायला चहाच्या दोन फेऱ्या लागल्या. तरी जाताना मावशी हळूच मनकर्णाबाईंकडे बघत गेली. वृद्ध महिला तीच असणार.

परसराम पेपर घेऊनच आला. त्याने तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. "वहिनी, यात मी कुठं हावो?"

"'ग्रामस्थांनी शोध घेतला', त्यात आहात ना, भाऊजी."

"ग्रामस्थांनी!" परसरामने खिशातून बंद पडलेला मोबाइल काढून पुढे धरला. "बोडीत कुदलो मी, मोबाइल गेला माहा, अन् नाव ग्रामस्थांचं?"



पण खरा घोटाळा कुंताबाईंनी केला. त्या आल्या, पेपर पुढे धरला आणि भुवया वर करून म्हणाल्या, "अवं, हर्षाचं तर साऱ्यायच्या समोर झालं. त्यात लपवासारखं काय हाय? मंग हे दुसरी कोन?"

गावाला ही बातमी हर्षाची वाटलीच नव्हती! हर्षा ढोलीत निजली, ही हसायची गोष्ट. आणि हे पेपरातलं, कायद्याचं, सावलीचं? हे काहीतरी वेगळंच. मंगळवारी, हर्षाच्या गोंधळाआड, गावात आणखी कुठल्या तरी घरात आणखी कुठल्या तरी मुलीचं काहीतरी झालं होतं.

त्याच वेळी 'ती हर्षाच' असं म्हटलं असतं तर सगळं तिथेच निवलं असतं. पण कामिनीच्या डोळ्यांपुढे अंतरपाट आला. गाव आता 'ढोली' विसरून दुसऱ्या मुलीच्या मागे लागलं होतं. लेक सुटली होती.

"काकू, मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "ओळख गोपनीय आहे."

एवढं वाक्य कुंताबाईंना पुरलं.

शनिवारी सकाळपर्यंत गावातल्या पाच वर्षांच्या प्रत्येक मुलीकडे गाव नव्या नजरेने बघू लागलं. अंगणवाडीत आया पोरी सोडायला आल्या त्या तिथेच थांबल्या आणि एकमेकींच्या पोरी निरखू लागल्या. एकीच्या कपाळावर खोक होती, तिच्या आईला ती पायरीवरून पडल्याचं वारंवार सांगावं लागलं. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की खुशबू बुधवारपासून आलेलीच नाही.

खुशबू ही कुंताबाईंची नात. तिला ताप आला होता, बाकी काही नाही. पण गावाने हिशेब जुळवला. पाच वर्षांची बालिका, आहे. अंधारं घर, कुंताबाईंचं घर अंधारं आहेच. आणि वृद्ध महिला? कुंताबाई भजनाला देवळात गेल्या तर शेजारची बाई सतरंजीवरून जराशी सरकली.

कुंताबाई मागच्या दाराने कामिनीकडे आल्या. मागच्या दाराने येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. ओट्यावर बसल्या आणि पदराशी चाळा करत राहिल्या.

"माह्या खुशबूले पाहाले बाया येऊन राहिल्या," त्या म्हणाल्या. "हातात बिस्किटाचा पुडा अन् डोये कुठं कुठं फिरवतेत. सून मले म्हनते, आई, तुमी काही केलं का? मी! जिले मी रोज न्हाऊ घालतो!" त्यांनी कामिनीचा हात धरला. "कामिनी, तुले मालूम हाय ना ते पोरगी कोन हाय? मले नाव नको सांगू. फक्त पारावर येऊन एवढं सांग, का ते खुशबू नव्हे."

आयुष्यभर दुसऱ्यांची नावं गावभर करणारी ही बाई आज नाव नको म्हणत होती. आपल्या लेकीवरून काढलेली ती सावली आपणच नेऊन दुसरीच्या लेकीवर टाकली होती, तीही तापाने फणफणलेल्या.

ती काही बोलणार तोच बाहेर जीप थांबली.

साकोलीत कुणीतरी जबाबदार वाचकाने बातमी वाचून फोन केला होता. जीपमधून एक जमादार आणि एक महिला शिपाई उतरली. मागून अख्खं गाव आलं. परसराम सवयीने सावधान उभा राहिला. जमादार बाजेवर बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "बाई, घाबरू नका. तुमीच लिवलं ना? त्या लेकराची चौकशी कराले आलो. तुमी फक्त आमाले सांगा, कोनाले नाही सांगत."

"चहा ठेवते," कामिनी म्हणाली. आणीबाणीत मध्यमवर्गाला एवढंच सुचतं. आत जाऊन तिने चहाचं आधण ठेवलं आणि धनंजय सरांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कामिनीताई, ओळख लपवायचा नियम ज्या लेकरांवर काही गुदरलं त्यांच्यासाठी आहे. दुपारची झोप काढलेल्या लेकरासाठी नाही. तुम्ही 'कायद्यानुसार गोपनीय' लिहिलंत, तिथेच वाचणाऱ्याला सांगितलंत की हिच्यावर काहीतरी भयंकर झालं आहे."

"मग आता?"

"आता दुरुस्ती. स्पष्ट, नावासकट."

"पण सर, नाव आलं की..." तिला बुंदीचं सांगावंसं वाटलं. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

"नाव टाकायचं तर आधी तिला विचारा."

"कुणाला?"

"जिची बातमी आहे तिला. तुम्ही सगळ्यांच्या बाजू घेतल्यात. तिची घेतलीत का?"

आधण उतू गेलं. कामिनीने गॅस बंद केला. मंगळवारपासून तिने हर्षाला मारलं नव्हतं, ती रागावली नव्हती, छातीशी धरून रडून मात्र झालं होतं. पण तू तिथे का गेली होतीस, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. लेकरू ढोलीत गेलं, कारण लेकरं जातात, असंच तिने धरलं होतं.

हर्षा मागच्या सपरीत ढोलीवर पाय सोडून बसली होती. कामिनी तिच्यासमोर खाली बसली.

"हर्षा, तू या ढोलीत का गेली होतीस गं?"

हर्षाने इकडेतिकडे पाहिलं. मग आईच्या कानाशी तोंड आणलं. तोंडाला चिंचेचा वास येत होता, ती कुठून मिळाली हा प्रश्न कामिनीने मोठ्या कष्टाने गिळला.

"तिथं तू दिसत नाही," हर्षा म्हणाली. "तू मले सारखी पाहातच राहते. खेळतो तरी पाहाते, जेवतो तरी पाहाते. मंग मी आत गेली. आजीनं बोरा लावला तवा मी हासून राहिली होती. आजीले मालूमच नव्हतं! मंग लय मस्त अंधार झाला. मंग झोप लागली."

खाजगीपणाच्या हक्काचा धडा तिला तोंडपाठ होता. त्या हक्कावर गदा आणणारे कोण कोण असू शकतात याची यादीही पाठ होती. सरकार, पोलीस, वृत्तपत्रं, मोबाइल कंपन्या. त्यात आई नव्हती. आणि तिच्या लेकीला कायद्याचा काडीचाही गंध नसताना तिने तो हक्क, सगळ्यांच्या नाकाखाली, आडव्या ढोलीत जाऊन बजावला होता.

"तुझं नाव पेपरात छापू का?" तिने विचारलं. "ढोलीत झोपली होती म्हणून. लोक हसतील. चिडवतीलही."

"परसरामकाका बोडीत कुदले ते बी छापशील?"

"छापेन."

"त्याईचं मोठं छाप. त्याईचा मोबाइल बुडला ना." हर्षाने विचार केला. "अन् मी कायले गेली ते नको छापू. ते फक्त तुले सांगितलं."

त्या दोघी हात धरून अंगणात आल्या. कामिनीने गळा साफ केला. "बातमीतली मुलगी ही आहे. माझी हर्षा. आपल्या सगळ्यांदेखत सापडली तीच. दुसरी कुणी नाही. खुशबूला नुसता ताप आहे. बातमी मी लिहिली आणि ती चुकीची लिहिली."

"अन् ते वृद्ध महिला?" जमादाराने विचारलं.

"मी व्हो," मनकर्णाबाई चुलीपासून म्हणाल्या. "बोरा लावला. कोंबड्या शिरतेत."

जमादाराने हर्षाकडे पाहिलं, ढोलीकडे पाहिलं, कोंबड्यांकडे पाहिलं. महिला शिपाई हर्षाला थोडी बाजूला घेऊन बोलली, आणि परत आली तेव्हा ओठ दाबून हसत होती. "मंग गोपनीय कायले लिवलं बाई?" जमादार म्हणाला.

"कायद्यानुसार."

"कोन्त्या?"

पहिल्या बाकावरच्या कामिनीला पहिल्यांदाच उत्तर आलं नाही. जमादाराने सुस्कारा सोडला आणि चहा मागितला. तो मघाशीच उतू गेला होता. कुंताबाईंनी तो आपल्या घरून आणला. कपबशी देताना त्या कामिनीकडे बघत नव्हत्या. पण एक कप त्यांनी कामिनीसाठीही आणला होता, आणि तिची साखर कमी असते हे त्या विसरल्या नव्हत्या.

सगळे पांगल्यावर सोमाजीबुवा मागे राहिले. कामिनीने कधीपासूनचं विचारून टाकलं. "बाबाजी, तुम्हाला वाईट नाही का वाटत? ते... बुंदी म्हणतात त्याचं?"

सोमाजीबुवांना प्रश्नच समजला नाही. "वाईट कायचं, माय? गावात सोमाजी चार हायेत," ते म्हणाले. "बुंदी मी एकलाच."

पुढच्या शुक्रवारी दुरुस्ती आली, बातमी होती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. भैय्यालालने नाराजीने का होईना ती सावली काढली. त्यात हर्षाचं नाव होतं, ढोली होती, कोंबड्याही होत्या. 'गावातील नाट्यकलावंत परसराम यांनी जिवाची पर्वा न करता बोडीत उडी घेतली,' हे वाक्य ठळक अक्षरांत होतं आणि पाणी किती होतं हा तपशील गाळलेला होता. खुशबूच्या घराला आणि गावातल्या सगळ्या माउल्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगिरी होती. परसरामने अंकाच्या एवढ्या प्रती घेतल्या की 'धानकोठार' पहिल्यांदा संपला. शेवटी एक ओळ होती, जी वाचून धनंजय सरांनी वर्गात मान डोलावली आणि गुण मात्र बेताचेच दिले :

"बालिका ढोलीत का गेली होती, हे तिच्या विनंतीवरून प्रसिद्ध करण्यात येत नाही."

नाव पडायचं ते पडलंच. गाव असं काही वाया जाऊ देत नाही. फक्त ते हर्षाला पडलं नाही. आता एकोडीत कोणी नवं माणूस प्रितमचं घर विचारत आलं की पोरं हात करून दाखवतात, "ते? गोपनीयबाईचं घर? बुंदीच्या पुढं, डाव्या हाताले." कामिनीला ते ऐकू येतं. पहिल्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली.

धान यायला अजून थोडा अवकाश आहे. ढोली सुकली आहे, पण मनकर्णाबाईंनी ती अजून उभी केलेली नाही, आणि बोराही लावलेला नाही. कोंबड्यांना त्या काठी घेऊन हाकलतात. दुपारी हर्षा आत जाते. कामिनी सपरीत सूप आणि स्टीलची ताटली घेऊन तांदूळ निवडत बसते, ढोलीकडे पाठ करून. हे तिला फार जड जातं. आतून गाणं ऐकू येतं, मग कुणाला तरी रागावल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. ते काहीच नसतं तेव्हा कामिनीच्या हातातला दाणा सुपात पडायचा थांबतो.

"मम्मी," आतून आवाज येतो, "तू पाहून राहिली का?"

मागचं प्रतिबिंब नीट दिसेल अशी कामिनी ती स्टीलची ताटली जराशी तिरकी करते. ढोलीच्या तोंडाशी दोन मळके तळपाय, एकावर एक, हलताहेत.

"नाही गं," ती म्हणते. कथितरीत्या.